तुजा भोंगा कवा वाजतो?

या वेळचा भाग कोल्हापुरात आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत रेकॉर्ड केलाय. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते, ती आमच्याच स्वयंपाकघरातली. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहून काढलेलं रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय ना? हिंजवडीतलं आमचं ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला आलो. आजोबांच्या कॉटशेजारी टेबल टाकलं, कारण वायफायची रेंज तिथंच नीट यायची. आजोबा शाहू मिलमध्ये साचेखात्यात होते, उभी हयात तिथंच गेली. दोन-तीन आठवडे ते नुसते बघत बसले. मी सकाळी नऊला बसायचो, दुपारचं ताट लॅपटॉपच्या शेजारी, रात्री अकराला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल. एका रात्री कॉल संपवून मी हेडफोन काढला आणि ते म्हणाले, "आरं, तुजा भोंगा कवा वाजतो?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "आजोबा, आमच्यात भोंगा नसतो."

"मग सुटी झाली हे सांगतं कोण?"

मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी जे काही वाचत गेलो, त्यातूनच हा भाग तयार झालाय.

आधी शाहू मिलबद्दल. कोल्हापूरबाहेरच्या मंडळींना सांगतो, कोटीतीर्थ तलावाच्या शेजारी ही मिल. २७ सप्टेंबर १९०६ ला राजर्षी शाहू महाराजांनी तिचा पाया घातला. २००३ साली ती बंद पडली. आमच्या पिढीला ती फक्त उंच भिंत आणि चिमणी म्हणून माहीत आहे, पण आईच्या पिढीला अजून भोंगा आठवतो. भोंगा झाला की बायका भाकरीला तवा ठेवायच्या, पोरं शाळेला निघायची, म्हणजे ज्यांचा मिलशी काही संबंध नाही त्यांचंही घड्याळ तोच. आजोबांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते म्हणाले, भोंगा बोलवायला वाजायचा तसा सोडायलाही वाजायचा. पुढच्या पाळीचा माणूस साच्यापाशी येऊन उभा राहिला की आपलं काम संपलं. जॉबर कितीही तापट असला तरी त्यानंतर थांबवून घ्यायचं तर डबल पाळी लावावी लागायची, आणि तिचे पैसे पडायचे.

आता लगेच "जुने दिवस किती छान" असं गाणं मी म्हणणार नाही. आजोबांना एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, ती साच्यांच्या खडखडाटाची कमाई. कापसाची पूड छातीत गेलेली, रात्रपाळीत झोपेचं खोबरं झालेलं. माझ्या एसी ऑफिसशी अदलाबदल करतोस का विचारलं असतं तर ते एका पायावर तयार झाले असते. पण कामाला एक कडेचं टोक होतं, आणि ते सगळ्या गावाला ऐकू जायचं, एवढी गोष्ट खरी.

हे टोक आलं कुठून? शोधायला गेलो तर कोल्हापुरातून मुंबईला जावं लागतं, आणि मागे १८८४ सालात.

त्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात थोडं कमी. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. सण असला तर गिरणी बंद, पण मग यंत्र पुसायला, तेलपाणी करायला पुन्हा अर्धा दिवस यायचंच. (आमच्यात याला 'वीकेंड डिप्लॉयमेंट' म्हणतात. चालू द्या.) १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला होता, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. आणि 'लहान मुलांपुरता' म्हणजे काय, तर ७ ते १२ वर्षांच्या पोरांकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल कायद्यात एक अक्षर नाही.

अशा वेळी पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' या वर्तमानपत्राचे संपादक. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट फार जवळची वाटते. ते साच्यावर काम करणारे नव्हते. रेल्वेत, पोस्टात नोकरी करून पुढे गिरणीत स्टोअरकीपर झाले, म्हणजे आपल्यासारखेच टेबलाशी बसणारे, हिशेब ठेवणारे. आपण वेगळे, ते वेगळे, असं म्हणून गप्प बसायला त्यांना पूर्ण वाव होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनकडे दिला. त्यातल्या मागण्या ऐका. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय व्हावी. यात कुठं क्रांतीची भाषा आहे? नाही. काम कुठं संपतं, महिना कुठं संपतो, हे कुणीतरी निश्चित सांगावं, एवढंच ते मागत होते.

रविवारच का, हाही प्रश्न आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, ते इंग्रजांच्या चर्चमुळे. पण गिरणीतला बहुसंख्य माणूस घाटावरचा, कोकणातला. त्याच्यासाठी रविवार म्हणजे खंडोबाचा वार. आपल्या कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, जोतिबाचाही वार रविवारच. म्हणजे साहेबाचा आणि आपला देव एकाच दिवशी मोकळा, ही सोय लोखंड्यांच्या पथ्यावर पडली असणार.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषण केलं. १८९० मध्ये, दहा हजार माणसांपुढे! त्यांची नावं कुणी लिहून ठेवली असती तर आज त्यांच्यावर वेगळा भाग केला असता. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. दर १० जूनला तुमच्या फॅमिली ग्रुपवर जो 'रविवारच्या सुट्टीचे जनक' असा फॉरवर्ड फिरतो ना, त्याच्यामागची गोष्ट ही. फॉरवर्डमध्ये ते सगळ्या भारतासाठी एका दिवसात झालं असं वाटतं. तसं नाही, आधी ते मुंबईच्या गिरण्यांपुरतं होतं. आपलं कोल्हापूर तर संस्थान, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथं आपोआप लागू व्हायचा नाही.

पण मला जास्त रस विरोधकांच्या मुद्द्यांत वाटला. मालक म्हणायचे, हिंदुस्थानी कामगारांना सणांच्या सुट्ट्या आहेतच की, आणखी कशाला? दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको होती, म्हणून तेही हिंदुस्थानात कडक कामगार कायदे करा म्हणून मागे लागले होते. त्यामुळे त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग आत्ता कुठे उभा राहतोय, तासांवर बंधन आणाल तर देशाचं नुकसान होईल, असा सूर होता. आणि गंमत बघा, त्यात तथ्यही होतं. लँकेशायरचा हेतू काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तरी साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय दुखत होते, हेही तितकंच खरं.

आता मधली शंभर-सव्वाशे वर्षं उडी मारतो आणि मग परत मागे येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती एका पॉडकास्टमध्ये (हो, पॉडकास्टमध्येच!) म्हणाले की देशाची उत्पादकता वाढवायची तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रमण्यन यांचा व्हिडिओ फिरला. त्यात ९० तासांची गोष्ट होती, आणि तुम्हाला रविवारी कामाला लावता येत नाही याची खंतही. रविवार! मी तो व्हिडिओ बघताना मोठ्यानं हसलो आणि मग लोखंड्यांची आठवण येऊन गप्प झालो.

हे आकडे घेऊन मी एक हिशेब केला. १९०५ च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की काम थांबायचं, कारण धागा दिसायचाच नाही. दिवे आले आणि काही गिरण्यांचा दिवस १५ तासांवर गेला. १५ गुणिले ६ किती? ९०. म्हणजे आठवड्याला ९० तास ही कल्पना काही नवी नाही, ती विजेच्या पहिल्या बल्बइतकी जुनी आहे. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, कमिशन बसलं, आणि १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. १२ गुणिले ६ म्हणजे ७२. मूर्तींचे ७० तास इथं येऊन बसतात, १९११ सालात. पुढे १९२२ ला आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ ला ५४. आणि १९४६ मध्ये ४८. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि ४८ तासांची दुरुस्ती विधिमंडळात त्यांनी मांडली. १९४८ चा फॅक्टरी कायदा त्याच आकड्यावर उभा होता.

९० पासून ४८ पर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. विजेचा दिवा वाईट होता का? अजिबात नाही. पण अंधार हीच तोवर कामगाराची सुट्टी होती, आणि दिव्यानं ती काढून घेतली. नवीन सीमा माणसांना भांडून आखावी लागली. आपल्या खिशातला फोन हा तसाच दिवा आहे, असं मला वाटतं. ऑफिसचं दार हीच आपली सीमा होती. फोननं दार काढून टाकलं, आणि नवीन दार अजून कुणी बसवलेलं नाही.

शाहू महाराजांकडे जरा परत येऊ. १९१८ साली परळमध्ये कामगारांपुढे बोलताना त्यांनी संघटना करा असं सांगितलं. एका संस्थानचा राजा, स्वतःच्या नावाची मिल असलेला, आणि कामगारांना म्हणतो एकत्र या! त्याच काळात त्यांनी संस्थानात महार वतन रद्द केलं आणि वेठबिगारीवर बंदी आणली. वेठ म्हणजे सरकारी माणूस कधीही हाक मारील, तेव्हा हातातलं टाकून, फुकट काम करायला धावायचं. आमच्यात पोरं सहज बोलून जातात, "भावा, नुसती वेठबिगारी चाललीय." मला ते पटत नाही. गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यानं, राजीनामा देऊ शकणाऱ्यानं हा शब्द वापरू नये. ज्यांच्या पिढ्यांनी वेठ भोगली त्यांच्या दुःखाची ती चेष्टा होते. पण 'कधीही हाक आली तरी हजर' ही जी अट आहे, ती नोकरीच्या करारात कुठे लिहिलेली नसते, एवढं बघायला हरकत नाही.

कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाणारे तुम्ही असाल तर मिरज, सांगली सोडल्यावर पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. बहुतेक जण तिथं झोपलेले असतात. पुढच्या खेपेला उठून बघा, कारण आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या भागातला पहिला 'टेक कॅम्पस' तो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. त्यांना डावलून दुसऱ्याला बढती दिली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर बनवले. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, निवडुंग आणि साप काढून, त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालदार नेमलं, हे तर आज कुठल्याही एचआरला झेपणार नाही. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याचं घरगुती पत्रक म्हणून, आणि त्याचंच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' मासिक झालं. 'कंपनी कल्चर' म्हणून आज जे टी-शर्टवर छापतात, ते इथं शंभर वर्षांपूर्वी घरं बांधून केलं गेलं. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. फक्त एक गोष्ट सतावते. घर कंपनीचं, शेजार कंपनीचा, वाचायला मासिकही कंपनीचं. मालक चांगला असेल तर हे स्वर्गासारखं, नाहीतर रुसायला जायचं कुठं?

या भागासाठी मी माझ्या सात-आठ दोस्तांशी बोललो, सगळे कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडचे, सगळे आयटीत. नावं सांगत नाही, तुम्ही ओळखायचाही प्रयत्न करू नका. एकजण म्हणाला, मला काम आवडतं, रात्री दोनपर्यंत कोड लिहिणं ही माझी हौस आहे, त्यात कुणी दया दाखवू नये. बरोबर आहे त्याचं. पण त्याच्याच टीममधली एक मैत्रीण म्हणाली की त्याची हौस बाकीच्यांचा नियम होते. तो रात्री दोनला मेसेज टाकतो आणि सकाळी मॅनेजर विचारतो, तू पाहिला नाहीस? ती कोल्हापुरातून घरूनच काम करते. सासूबाईंना वाटतं पोरगी घरीच आहे, आणि ऑफिसला वाटतं ही कायम ऑनलाइनच आहे. दोन पाळ्या, भोंगा एकीलाही नाही. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, गावाकडं घराचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न आहे, मला बॅलन्सवर लेक्चर नको, पगारवाढ हवी.

सगळ्यांना मी एकच विचारलं: तुमच्या कामाच्या तासांबद्दल कायदा काय म्हणतो? एकालाही सांगता आलं नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी आलं नसतं. २०१६ साली केंद्र सरकारनं राज्यांसाठी दुकानं-आस्थापनांचा नमुना कायदा मंजूर केला. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, पण आयटी, बायोटेक, संशोधन अशा 'अतिकुशल' लोकांना त्यातून सूट ठेवलेली. म्हणजे लोखंड्यांपासून बाबासाहेबांपर्यंत जी रेघ ओढली गेली, ती आपल्या दारापाशी आली की पुसट होते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाचे ९ चे १२ तास आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत ९ चे १० तास करायला मंजुरी दिली. दुसरीकडे फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. तसंच विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. पुण्यात आयटीवाल्यांची 'नाइट्स' नावाची संघटना आहे, ती तक्रारी घेऊन कामगार खात्याकडे जाते. माझ्या दोस्तांपैकी दोघांनी तिचं नाव ऐकलेलं, सभासद एकही नाही. मीही नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

आजोबांचं राहिलंच. कोविडची दोन वर्षं गेल्यावर २०२२ च्या चैत्रात जोतिबाची यात्रा पुन्हा भरली. त्यांना जायचं होतं, सासनकाठ्या बघायच्या होत्या. त्याच शनिवार-रविवारी आमचं रिलीज होतं. माझ्याऐवजी दुसरं कुणी ते करू शकलं असतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांना गाडीनं वाडी रत्नागिरीला घेऊन गेलो. पायऱ्या उतरणं काही जमलं नाही, वरूनच शिखराला हात जोडले, गुलालाचं बोट कपाळाला लावलं. परत येताना मी म्हटलं, आजोबा, मिलमधल्या गोष्टी तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करतो, या भागात टाकतो. फोन काढून पुढं धरलासुद्धा.

त्यांनी हातानंच बाजूला सारला. "आज न्हाई. आज सुटी हाय. उद्या ये."